पहिलं लिनक्स कोणतं? आधी लॅपटॉपची पाठ उघडा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. २०१७ सालचा लॅपटॉप आहे: सातव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क. विंडोज १० चे अपडेट थांबले आणि विंडोज ११ म्हणतंय की या मशीनवर मी बसणार नाही. जेल रोडवरच्या दुकानदारानं सांगितलं, "दीदी, इसको छोड़ो, नया ले लो." काम म्हणाल तर घरच्या शिकवण्यांचे हिंदी पेपर, महिला मंडळाचा मराठी अहवाल, अधूनमधून गूगल मीट आणि एक्सेलमधला भिशीचा हिशेब. विंडोजऐवजी लिनक्स टाकायचं म्हटलं तर त्याचे प्रकार अनेक: भाचा म्हणतो आर्च टाक, शेजारचे काका म्हणतात उबुंटू, पुण्याचा मुलगा म्हणतो मिंट. कुणाचं ऐकायचं?

मुलाचं ऐका. मिंट सगळ्यांत भारी आहे म्हणून नव्हे. त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर मिंट आहे असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून. रात्री नऊ वाजता प्रिंटर अडला की तुम्ही फोन त्यालाच करणार. तो स्वतःच्या पडद्याकडे बघून सांगेल, "आई, डाव्या कोपऱ्यातलं बटण दाब, आता तिसरी ओळ." हे सुख कुठल्याही वेबसाइटवरच्या तक्त्यात मोजलेलं नसतं. गेली वीसेक वर्षं इंदुरात लोकांची मशीनं लिनक्सवर आणून देतोय. जी टिकली त्यांच्या मालकांना विचारायला कुणीतरी जवळचं होतं. जी महिन्याभरात विंडोजवर परतली त्यांत निवड चुकली म्हणून परतलेली फार थोडी.

आता दुकानदाराबद्दल. तो अगदीच खोटं बोलला नाही. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे आहेत, तुमचा सातवीचा. एका इयत्तेनं हुकलात. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरणाऱ्यांनी नाव नोंदवलं तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. तेव्हा मशीन बिघडलेलं नाही, यादीतून नाव गळलंय एवढंच. तुमचं काम या प्रोसेसरवर अजून काही वर्षं आरामात निघेल.

खरं दुखणं वेगळंच आहे आणि ते तुम्ही ओघात लिहून गेलात: "चालू केला की चहा टाकून येते, तोवर उघडतो." ही त्या फिरत्या हार्ड डिस्कची कृपा. आत तबकडी फिरते, तिच्यावर सुई इकडून तिकडे पळते, आणि सुरू होताना शेकडो लहान फायली वेगवेगळ्या जागांवरून उचलायच्या असतात. त्यावर कुठलंही लिनक्स टाकलंत तरी महिन्याभरात म्हणाल की लिनक्सही रेंगाळतंच. म्हणून पहिला खर्च एसएसडीचा, म्हणजे आत काहीच न फिरणाऱ्या, चिपांच्या डिस्कचा: २५६ जीबीची, अडीच इंची, साटा जोडणीची. तुमच्या कामाला ती पुरून उरेल. मागचं झाकण काढायचं, जुनी डिस्क सोडवायची, नवी त्याच खाचेत बसवायची. सवयीच्या माणसाला हे अर्ध्या तासाचं काम. झाकण उघडलंच आहे तर रॅमची दुसरी खाच रिकामी आहे का तेही बघायला सांगा. रिकामी असेल तर आणखी ४ जीबीची पट्टी घाला, पण आधीची पट्टी डीडीआर-थ्री आहे की डीडीआर-फोर हे तिच्यावरच्या स्टिकरवर वाचून मगच. चुकीची पट्टी खाचेत जातच नाही, जबरदस्तीनं घालणारे मात्र मी पाहिलेत.

आणि एसएसडी बसवणारा माणूस "फॉरमॅट मारून देतो" म्हणाला तर हात धरा. जुन्या डिस्कला कुणी हात लावायचा नाही. ती विंडोजसकट, पेपरांसकट, फोटोंसकट जशी आहे तशी काढून कापडात गुंडाळून कपाटात ठेवायची. नव्या एसएसडीवर लिनक्स. दोन महिन्यांनी जमत नाही असं वाटलं तर जुनी डिस्क परत बसवली की तुमचं जुनं जग जिथल्या तिथे. जमलं तर वीस मिनिटांत यूएसबीचं खोकं लावून तिच्यातल्या फायली उचलून घ्या. लिनक्स विंडोजची डिस्क वाचतं.

हा आग्रह का, तर २००६ साली माझ्या हातून घडलेला प्रताप. त्या काळी उबुंटूवाले सीडी पोस्टानं फुकट घरी पाठवायचे. रामबागेतल्या आमच्या घरी ६.०६ आवृत्तीचं पाकीट आलं, आणि वडील झोपल्यावर मी एकच असलेल्या घरच्या मशीनवर ते चढवलं. इन्स्टॉलरनं डिस्कचं काय करायचं म्हणून विचारलं. पहिला पर्याय होता सगळी डिस्क पुसून वापरण्याचा, मी वाचलं न वाचलंसं करून पुढे गेलो. वडिलांनी चार महिने खपून टाइप केलेली घराण्याची वंशावळ त्या डिस्कवर होती, दुसरीकडे कुठेच नव्हती. सकाळी त्यांनी विचारलं, "माझं ते कागद कुठं गेलं?" पुढचं सांगत नाही. आजच्या इन्स्टॉलरमध्येही तो पुसण्याचा पर्याय असतोच. जुनी डिस्क कपाटात असेल तर तुम्ही तो बिनधास्त निवडू शकता.

एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवता येतात, लोक ठेवतात. पण पहिल्याच वेळी नको. कधी घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे जातं, कारण लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहितं आणि विंडोज तीच भारताची समजून दाखवतं. ऑगस्ट २०२४ मध्ये तर विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनं कित्येक दुहेरी मशीनांवरचं लिनक्स उघडायचंच बंद झालं होतं. तुम्हाला शिकवण्या घ्यायच्यात, ही निस्तरपट्टी कशाला?

आता ही इतकी नावं का, ते एकदा समजून घ्या, म्हणजे भाच्याशी वाद घालता येईल. लिनक्स हे मुळात फक्त कर्नल, म्हणजे यंत्राशी बोलणारा गाभा. त्याभोवती खिडक्या, मेनू, ब्राउझर, अपडेटची सोय असं सगळं जमवून कुणीतरी घरोघरी चालेलसं ताट वाढतं, ते डिस्ट्रो. डाळ-तांदूळ तेच, वरण ज्याच्या त्याच्या हातचं. तुमच्या डोळ्यांना जो फरक दिसतो तो बहुतेक डेस्कटॉपचा, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या-मेनूंच्या मांडणीचा असतो. न दिसणारा आणि जास्त महत्त्वाचा फरक म्हणजे अपडेट कसे येतात.

आर्च इथंच अडतं. त्याला ठरावीक आवृत्त्या नाहीत, नवं जे बनेल ते येत राहतं. अपडेट करण्याआधी त्यांच्या बातम्यांच्या पानावर नजर टाकावी अशी त्यांचीच अपेक्षा असते. विशीतल्या मुलाला यात मजा आहे, शिकायलाही भरपूर मिळतं. सकाळी सातच्या बॅचआधी तीस पेपर छापायचे असलेल्या बाईंना नाही. फेडोरा मला स्वतःला आवडतं, माझ्या कामाच्या मशीनवर तेच आहे. पण त्याची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिनेच सांभाळली जाते, आणि सगळे व्हिडिओ नीट चालावेत म्हणून सुरुवातीला बाहेरचं सॉफ्टवेअरचं भांडार जोडावं लागतं. डेबियन १९९३ पासूनचं, खडकासारखं, आणि उबुंटूचा पायाही तेच. पण पहिल्या दिवशी हाताला धरून फिरवणं हा त्याचा स्वभाव नाही. झोरिन दिसायला विंडोजसारखं, कुणी तुमच्याकडे ते वापरत असेल तर खुशाल घ्या. सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस कुणीतरी "आपलं भारतीय" म्हणून सुचवेलच. तेही डेबियनवरच उभं आहे. पण अडचण आल्यावर शोधायला गेलात तर मिंट-उबुंटूबद्दल जितकी चर्चा सापडते तिच्या पासंगालाही त्याची सापडत नाही.

शेजारच्या काकांचं उबुंटूही चुकीचं नाही. मिंट त्याच्यावरच बांधलेलं आहे. मिंटच्या २२ क्रमांकाच्या आवृत्त्यांची मालिका उबुंटू २४.०४ वर आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. फरक असा की उबुंटूत बटणांची पट्टी डावीकडे उभी असते, आणि सॉफ्टवेअर स्नॅप नावाच्या पद्धतीनं देण्यावर त्यांचा भर. मिंटनं २०२० पासून स्नॅप मूळ मांडणीतून बाहेर ठेवलंय. जुन्या मशीनवर स्नॅपमधला ब्राउझर पहिल्यांदा उघडताना रेंगाळतो असा माझा अनुभव. मिंटची पट्टी खाली, मेनू डाव्या कोपऱ्यात, बंद करायचं फुली बटण उजवीकडे. विंडोजवर बसलेला हात आपोआप तिकडेच जातो.

मिंट उतरवताना डेस्कटॉपची तीन नावं दिसतील: सिनॅमन, माटे, एक्सएफसीई. रॅम ८ जीबी झाली तर सिनॅमन. ४ वरच राहिलात तर एक्सएफसीई, आणि मीट चालू असताना ब्राउझरचे बाकीचे टॅब बंद. ४ जीबीत रॅम खाणारा डेस्कटॉप नसतो, ब्राउझर असतो.

बदलण्याआधी चाचणी करा, ही सोय विंडोजवाल्यांना सहसा माहीत नसते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यातलं सगळं जाणार हे धरून चाला. मिंटच्या मूळ साइटवरून साधारण ३ जीबीची फाइल उतरवा आणि रूफस किंवा एचर नावाचा प्रोग्राम वापरून पेनड्राइव्हवर चढवा. नुसती कॉपी करून चालत नाही. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करताना कंपनीप्रमाणे एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप दाबत राहिलं की कशावरून सुरू करायचं ते विचारतो. पेनड्राइव्ह निवडा. पूर्ण मिंट समोर येतं, डिस्कला धक्काही लागत नाही. जरा संथ चालेल, पेनड्राइव्हवरून चालतंय हे ध्यानात ठेवा. मग वायफाय जोडून बघा, आवाज, कॅमेरा, पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का, झाकण मिटून उघडल्यावर जागा होतो का. वायफाय दिसलंच नाही तर घाबरू नका. काही वायफाय चिपांचे ड्रायव्हर, म्हणजे त्या चालवणारे प्रोग्राम, आयते येत नाहीत. मोबाइल यूएसबीनं जोडून त्याचं नेट द्या आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा, बहुतेकदा तिथं उपाय मिळतो.

या चाचणीत मराठी जरूर तपासा, कारण इथं बरेच जण फसतात. तुम्ही टायपिंग क्लासात शिकलात, म्हणजे हात रेमिंग्टन या टाइपरायटरच्या मांडणीवर बसलाय आणि फाइली कृतिदेव फॉन्टमध्ये आहेत. कृतिदेव म्हणजे मुळात इंग्रजी अक्षरांना चढवलेले देवनागरी मुखवटे. "भारत" उमटवायला तुम्ही एच, के, के, जे, आर दाबता, आणि फाइलमध्येही तीच पाच इंग्रजी अक्षरं साठवली जातात. फॉन्ट असला तर भारत दिसतो, नसला तर कचरा. तेव्हा लिनक्सवर जुने पेपर "बिघडलेले" दिसले तर ते बिघडलेले नाहीत. जुन्या मशीनमधली फॉन्टची फाइल आणा, तिच्यावर दोनदा क्लिक करून बसवा, पेपर जसेच्या तसे. नवे पेपर मात्र युनिकोडमध्येच करा, म्हणजे फाइलमध्ये खरी देवनागरी अक्षरंच साठतात. मोबाइलवर कुणाला पाठवले तर तिथंही वाचता येतात.

युनिकोडसाठी दोन वाटा. क्लासातल्या बोटांच्या सवयी सोडवत नसतील तर आयबस नावाच्या टायपिंगच्या सोयीत एम-१७-एन हा भाषांच्या मांडण्यांचा गट टाका, त्यात हिंदीची रेमिंग्टन मांडणी मिळते. नव्यानं शिकायची तयारी असेल तर इन्स्क्रिप्ट ही मांडणी घ्या. ती कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीच्या नावानं आयतीच असते, पेनड्राइव्हवरच्या चाचणीतसुद्धा. इन्स्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. एनच्या बटणावर ल, शिफ्ट धरून ळ. जेच्या बटणावर र, शिफ्ट धरून नुक्त्याचा ऱ. तो ऱ कशाला, असं आमच्या इकडचे हिंदी शिकलेले विचारतात. मंडळाच्या अहवालात "सुवासिनींच्या", "मैत्रिणींच्या" यांनी काही अडत नाही, पण "येणाऱ्या सदस्या" लिहायला घ्या. साधा र वापरलात तर रफार होऊन "येणार्या" असं विचित्र उमटतं. शिफ्ट-जे, मग डी म्हणजे हलन्त, मग य आणि काना, की अर्धचंद्रासारखा तो आपला र नीट बसतो. मी कुठलंही मशीन तपासताना पहिला शब्द "वाऱ्यावर" टाइप करतो.

आणखी एक बारीक गोष्ट, मला स्वतःला फार आवडणारी. वर्ड-एक्सेलच्या जागी मिंटवर लिबर ऑफिस असतं, त्याच्या भाषेच्या सेटिंगमध्ये देवनागरीसाठी मराठी निवडा आणि फॉन्ट नोटो घ्या. ल आणि श मराठी वळणाचे होतात. हिंदी ठेवलंत तर ल हिंदी पाठ्यपुस्तकातला. अहवाल वाचणाऱ्या आजींना कारण कळणार नाही, पण "यंदा छपाई बरी दिसते" म्हणतील.

भिशीचा हिशेब लिबर ऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडेल, बेरजा-टक्केवाऱ्या जशाच्या तशा. मॅक्रो, म्हणजे शीटमधले आपोआप चालणारे छोटे प्रोग्राम असतील तर त्रास, पण भिशीत मॅक्रो कोण लिहितं? वर्डच्या फायलींत मात्र मंगल किंवा निर्मला फॉन्ट असतील तर ते मायक्रोसॉफ्टचे, लिनक्ससोबत येत नाहीत. दुसरा फॉन्ट लागतो आणि दोन पानांचा पेपर सव्वादोन पानांवर जातो. दुसऱ्याला छापायला द्यायचं असेल तर पीडीएफ करूनच द्या.

तुमच्या भिशीतल्या मैत्रिणीही विचारताहेत म्हणालात, तर एक इशारा. ज्यांच्या घरी टॅली चालतं, लग्नपत्रिकांसाठी कोरल चालतं, किंवा टेंडर भरायला डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लागतो, त्यांना एवढ्यात हलवू नका. टॅली आणि कोरल लिनक्ससाठी येतच नाहीत, तिथं ओढूनताणून चालवणं धंद्याच्या मशीनवर परवडत नाही. टोकनसाठी त्या त्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर आणि पोर्टलचा सही करणारा प्रोग्राम दोन्ही लागतात, ते आधी तपासल्याशिवाय पाऊल उचलू नये.

बसवून झाल्यावर पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट नावाचा प्रोग्राम उघडा आणि सिस्टमची आठवड्याला एक प्रत ठेवायला सांगा. एखाद्या अपडेटनं काही बिघडलं तर सिस्टम मागच्या आठवड्यात नेता येते. तुमच्या स्वतःच्या फायली ते धरत नाही, त्यांची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर. मेनूची भाषा मराठी करता येते, पण सुरुवातीला इंग्रजीच ठेवा. मुलगा फोनवर इंग्रजी नावंच सांगणार.

राहिला प्रिंटर, आणि त्याचं मॉडेल तुम्ही लिहिलंच नाहीत. सगळं अडेल तर तिथंच अडेल. एचपीचे बहुतेक चालतात. लेझरजेट १०२० सारख्या जुन्यांना एक जादाचा प्लगइन लागतो, तो एचपीचंच सॉफ्टवेअर नेटवरून आणतं. एप्सनच्या शाईच्या टाकीवाल्यांना सहसा अडचण येत नाही. पण घराघरांत आणि फोटोकॉपीच्या दुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० असेल तर तो कॅप्ट नावाच्या स्वतःच्या भाषेत बोलतो, आणि नव्या लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर बसवणं डोकेदुखीचं काम आहे. तसं असेल तर एसएसडी घेण्याआधी वेगळा विचार करू. प्रिंटरच्या मागच्या बाजूला किंवा झाकणाच्या आत स्टिकर असतो. त्यावरचा नंबर उतरवून मला कळवा.